सायलेन्सर गेला, स्टड तुटला: धनकवडीतली एक चोरी आणि दुरुस्तीचा हिशेब

पार्श्वभूमी

आमच्या गल्लीत एक सत्तावीस वर्षांचा मुलगा राहतो. मूळचा बार्शी तालुक्यातला, इथे पुण्यात धनकवडीत कॉट बेसिसवर. एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणं हे त्याचं काम. उपाशीपोटी साखर तपासायची असते, त्यामुळे पहिलं घर सकाळी सहाला आणि शेवटचं साडेदहापर्यंत. बिबवेवाडी, पद्मावती, सहकारनगर असा त्याचा पट्टा. ठरलेला पगार थोडा, बाकी भेटीमागे ७० रुपये. दिवसाला सरासरी नऊ भेटी होतात. गाडी बंद तर भेटी बंद.

मी पंचवीस वर्षं मोटार विम्याच्या दाव्यांची पाहणी केली, आता निवृत्त आहे. माझी दर महिन्याची साखर तपासायला हाच मुलगा येतो, म्हणून हे प्रकरण पहिल्या सकाळपासून माझ्यासमोर घडलं. त्याच्या परवानगीने लिहितो आहे. त्याचं नाव, गाडीचं मॉडेल, चौकी, विमा कंपनी, गॅरेज यांतलं काहीही ओळख पटेल असं देत नाही. आकडे मात्र कोटेशनवरचे आणि बिलांवरचे आहेत.

गाडी १२५ सीसीची, जून २०२१ मध्ये नवी घेतलेली. १ एप्रिल २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना बीएस-सहा मानक लागू झालं, त्यामुळे ही गाडी त्या मानकाची. म्हणजे पेट्रोल सोडायला इंजेक्टर, त्याला हुकूम देणारा ईसीयू (इंजिनचा छोटा संगणक), धुराच्या पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर आणि त्याच पाइपच्या पोटात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. कन्व्हर्टरमध्ये जाळीदार ठोकळा असतो आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा पातळ थर असतो. भंगारवाले याला ‘माती’ म्हणतात. मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जातात ते या मातीसाठी, हे बातम्यांतून अनेकांना ठाऊक आहे. दुचाकीत ही माती फार थोडी असते, पण दुचाकीचा सायलेन्सर दोन नट आणि एक बोल्ट सोडला की हातात येतो, आणि आख्खा विकला तरी त्याला गिऱ्हाईक असतं.

मुलगा राहतो त्या इमारतीला खाली पार्किंग आहे, पण अर्ध्या भागाला शटर लावून गोदाम केलंय आणि उरलेल्यात मालकाच्या दोन चारचाकी असतात. भाडेकरूंच्या दुचाक्या गल्लीत उभ्या राहतात.

काय घडलं

डिसेंबर २०२४. रात्री साडेनऊला त्याने गाडी भिंतीपासून हातभर लांब, साइड स्टँडवर लावली आणि हँडल लॉक केलं. पहाटे पाच वीसला खाली आला तर डावं साइड पॅनेल रस्त्यावर पडलेलं, बॅटरीची जागा रिकामी आणि इंजिनखाली नेहमी दिसणारा पाइपच नाही. आधी त्याला वाटलं गाडी पडली असेल. मग त्याने मोबाइलचा टॉर्च लावला.

ती गाडी मी दुपारी पाहिली, ते वर्णन इथे द्यायला हवं, कारण पुढचा सगळा खर्च त्या बोटभर जागेतून आला. सिलिंडर हेडमधून (इंजिनच्या वरच्या भागातून) धुराचा पाइप निघतो तिथे दोन स्टड, म्हणजे हेडमध्ये घट्ट बसवलेले बिनडोक्याचे बोल्ट असतात, पाइपची फ्लँज (टोकाची चपटी कडी) त्यांवर बसते आणि वरून नट. साडेतीन वर्षं तापून, पावसात भिजून ते नट गंजलेले होते. एक नट सुटला होता, त्याच्या स्टडचे आटे तेवढे खराब झाले होते. दुसरा सुटला नसावा, म्हणून चोराने पाइपच धरून पिळला असणार. तो स्टड हेडच्या तोंडाशी कापल्यासारखा तुटला होता आणि तुकडा आत रुतलेला. तुटलेल्या जागी धातू चकचकीत, नव्या नाण्यासारखा, आणि भोवती काळा गंज. ऑक्सिजन सेन्सर पाइपलाच बसवलेला, तोही पाइपबरोबर गेला. त्याची जोडपिन काढायला दोन सेकंद लागतात, पण चोराने वायर कापली, तीही मुख्य वायरिंगच्या बाजूने, इंचभर शेपूट ठेवून. बॅटरीची लाल वायरही तशीच कापलेली.

समोरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यात नंतर दिसलं: तीन वाजून दहा मिनिटांनी एका स्कूटरवरून दोघं आले. एक गाडीपाशी बसला, दुसरा गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. सगळं मिळून सहा मिनिटं.

पहिला निर्णय: गाडी हलवायची की नाही

पावणेसहाला त्याला पहिल्या घरी निघायचं होतं. त्याने सुपरवायझरला फोटो पाठवला, ‘सर गाडीचं असं झालंय, उशीर होईल’ म्हणून. मग रूममेटला उठवलं आणि दोघांनी गाडी ढकलत ओळखीच्या गॅरेजपाशी नेऊन ठेवली. गॅरेज उघडल्यावर मालकाने पॅनेल पाहिलं, त्याची लग (अडकवायचा कान) तुटलेली होती, म्हणून कचऱ्यात टाकलं. मुलगा तोवर रिक्षाने दोन घरं करून माझ्याकडे आला, सव्वाआठला. एरवी तो साडेसहाला येतो. सुई लावताना हात थरथरत होता, म्हणून मी विचारलं, “काय रे, बरं नाही का?” तेव्हा त्याने सांगितलं.

गाडी हलवण्यात त्याची चूक झाली असं मला म्हणवत नाही. सहाच्या घरी एक आजी उपाशी बसलेल्या असतात आणि त्यांना साखरेची गोळी घ्यायची असते, हे त्याच्या डोक्यात पहिलं येणार. पण परिणाम झाला. पोलिसांना घटनास्थळाचा पंचनामा करायचा असतो आणि जागेवर गाडीच नव्हती. पॅनेल गेल्यामुळे बोटांच्या ठशांचा प्रश्नच संपला. वाचवलं ते सुपरवायझरला पाठवलेल्या त्या एका फोटोने. त्यात गाडी, नंबर प्लेट, रस्त्यावरचं पॅनेल आणि मागे मेडिकलची पाटी आली होती, आणि संदेशावर वेळ होती. उशिराचं कारण म्हणून काढलेला फोटो पुढे पोलीस आणि विमा दोन्हीकडे कामाला आला.

अशा वेळी पाच मिनिटं काढावीत. गाडीचे चारही बाजूंनी फोटो, तुटलेल्या प्रत्येक जागेचा जवळून फोटो, नंबर प्लेट आणि आजूबाजूची ओळखता येईल अशी एखादी खूण. पडलेला प्रत्येक तुकडा, अगदी तुटका बोल्टसुद्धा, पिशवीत घालून ठेवावा.

दुसरा निर्णय: ‘गहाळ’ की ‘चोरी’

अकरा वाजता तो एकटाच चौकीत गेला. तिथल्या अंमलदारांनी विचारलं, काय गेलं? तो म्हणाला, बॅटरी आणि सायलेन्सर. किती किमतीचे? त्याला माहीत नव्हतं. म्हणाला, दोन-तीन हजार असतील. मग त्याला सुचवलं गेलं की वस्तू गहाळ झाल्याची नोंद ऑनलाइन कर, दाखला लगेच मिळेल, विम्याला चालेल.

मी त्या अंमलदारांना दोष देत नाही. त्यांच्यासमोर त्या सकाळी हाणामारीचे दोन पक्ष बसले होते. पण सल्ला चुकीचा होता. मोबाइल रिक्षात राहिला, पाकीट पडलं, यासाठी गहाळची नोंद असते. बोल्ट लावलेला सायलेन्सर गहाळ होत नाही. आणि विमा कंपनीच्या टेबलावर गहाळचा दाखला गेला की पहिला शेरा पडतो, ‘चोरी सिद्ध नाही’. असे शेरे मी माझ्या नोकरीत शेकडो वाचलेत.

त्याने सांगितलेला ‘दोन-तीन हजार’ हा आकडा तर त्याहून घातक. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. चोरीची शिक्षा आता कलम ३०३(२) मध्ये आहे. चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा अदखलपात्र ठरतो. अदखलपात्र म्हणजे पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. किंमत ५,००० किंवा जास्त असेल तर गुन्हा दखलपात्र, एफआयआर होते, तपास सुरू होतो. पूर्वी अशी किमतीची रेषा नव्हती, त्यामुळे ती लोकांना माहीतच नाही. अंदाजाने तोंडातून निघालेला एक आकडा तपास होणार की नाही हे ठरवू शकतो.

मी त्याला म्हटलं, आधी अधिकृत वितरकाच्या पार्ट्स काउंटरवर जा आणि गेलेल्या वस्तूंचं छापील कोटेशन घे. संध्याकाळी तो घेऊन आला: सायलेन्सर पाइपसह ८,६४०, बॅटरी १,४५०, ऑक्सिजन सेन्सर २,३५०. एकूण १२,४४० रुपये. या नव्या मालाच्या किमती. वापरलेल्या मालाची किंमत घसारा, म्हणजे वापरामुळे उतरलेली किंमत, वजा जाता कमी धरली तरी पाच हजारांच्या बरीच वर राहते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं थेट पोलीस ठाण्यात गेलो. कोटेशन, आरसी, विम्याची प्रत, फोटो आणि अर्ध्या पानाचा स्वच्छ अर्ज. ड्युटीवरच्या अधिकाऱ्यांनी अर्ज पूर्ण वाचला, कोटेशन पाहिलं आणि जबाब घ्यायला सांगितलं. त्याच संध्याकाळी एफआयआर झाली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे फिर्यादीला एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती त्याने घेतली. एका हवालदारांनी स्वतः येऊन मेडिकलच्या डीव्हीआरमधलं (कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमधलं) चित्रण पेनड्राइव्हवर घेतलं. त्या डीव्हीआरमध्ये सातच दिवसांचं चित्रण राहतं. आठवडाभराने गेलो असतो तर ती सहा मिनिटंही पुसली गेली असती.

तिसरा निर्णय: दुरुस्ती कशी करायची

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त मतं मिळाली.

अधिकृत सर्व्हिस सेंटरचा अंदाज २५,५१२ रुपयांचा आला. गेलेल्या वस्तूंचे १२,४४०. बाकी तुटक्याचे: तुटक्या स्टडमुळे अख्खं नवं सिलिंडर हेड ४,८००, कापलेल्या दोन वायरींमुळे अख्खी नवी वायरिंग ३,९००, साइड पॅनेल ६४०, गॅस्केट-स्टड-ऑइल ९००, मजुरी जीएसटीसह २,८३२. म्हणजे चोराने नेलं त्यापेक्षा मोडून ठेवलं ते ६३२ रुपयांनी जास्त. पार्ट्सची चोरी ऐकली की आपण गेलेल्या वस्तूची किंमत मोजतो. मी पाहिलेल्या बऱ्याच प्रकरणांत घाईत कापलेली वायर आणि पिळलेला बोल्ट यांनीच बिल फुगवलेलं असतं.

दुसरा पर्याय गॅरेजमालकाने दिला. माणूस चांगला, मुलाची परिस्थिती ओळखून बोलत होता. “दादा, जुना सायलेन्सर अडीच हजारांत आणून देतो, बॅटरी नऊशेची टाकू, स्टडला वेल्डिंग मारून तुकडा काढू, सेन्सर बायपास करू. चार हजार सातशेत गाडी उद्या हातात.” उद्या हातात! रोज ६३० रुपये बुडणाऱ्या माणसाला यापेक्षा गोड वाक्य नाही. मुलगा जवळजवळ हो म्हणाला होता.

मी त्याला तीन गोष्टी विचारायला लावल्या. अडीच हजारांच्या सायलेन्सरचं बिल मिळेल का? नाही. त्यात कन्व्हर्टर आहे का? सांगता येत नाही. सेन्सर बायपास केल्यावर मीटरवरचा इंजिनचा दिवा विझेल का? “तो लागतोच, काही होत नाही.”

काही होतं. सेन्सरकडून माहिती आली नाही की ईसीयू ठरलेल्या ठोकताळ्याने पेट्रोल सोडतो आणि ॲव्हरेज खाली येतो. रोज पन्नास-साठ किलोमीटर फिरणाऱ्याला ते परवडत नाही. कन्व्हर्टर नसेल तर पीयूसी अडकू शकते, आवाज वाढला तर वाहतूक पोलीस अडवतात. आणि बिल नसलेला सायलेन्सर कुठून येतो? मी त्याला एवढंच म्हटलं, “अरे, तो तुझ्यासारख्याच कुणाचा तरी असेल. कदाचित तुझाच.” चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसं मानायला कारण असताना घेणं हाही न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पण कायद्यापेक्षा त्याला पटलं ते पहिलं वाक्य. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “नको काका. नवाच घेऊ.”

गॅरेजवाल्याशी यावरून वाद घातला नाही. त्याच्याकडे रोज अशी माणसं येतात ज्यांच्या खिशात खरंच चार हजारच असतात, आणि त्यांची गाडी चालू करून देणं तो आपलं काम समजतो. पण अडीच हजारांच्या त्या प्रत्येक गिऱ्हाइकामुळे रात्री तीन वाजता पाना घेऊन निघणाऱ्याची मजुरी निघते. हे मला फार लागतं.

तिसरा पर्याय मधला होता आणि तोच घेतला. गेलेल्या वस्तू नव्या, कंपनीच्या, बिलासह. तुटलेलं मात्र दुरुस्त करायचं, बदलायचं नाही. हेड बदलायची गरज नव्हती. ते उतरवून एका लेथवाल्याकडे नेलं. त्याने रुतलेल्या तुकड्याच्या बरोबर मध्यावर पंच मारला, बारीक ड्रिलने भोक पाडत हळूहळू वाढवलं, तुकडा काढला आणि आटे गेलेल्या भोकात हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवली. हेड ॲल्युमिनियमचं असतं. ड्रिल मध्यावरून सरकलं तर मऊ ॲल्युमिनियम आधी खातं आणि हेड कायमचं जातं. वेल्डिंगची ठिणगी मारून काढायच्या सल्ल्यातही धोका हाच. हा माणूस चष्मा कपाळावर सरकवून, श्वास रोखून वीस मिनिटं त्या भोकावर वाकलेला होता. ७०० रुपये घेतले, पावती लिहून दिली. ४,८०० च्या हेडचं काम सातशेत झालं. वायरिंगही बदलली नाही. ऑटो इलेक्ट्रिशियनने कापलेल्या वायरी सोल्डर करून, हीट श्रिंक चढवून ५०० रुपयांत जोडल्या.

विमा: जिथे जवळजवळ हातचं गेलं

मुलगा म्हणत होता, “पाच वर्षांचा विमा आहे ना.” सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम काढावा लागतो, त्यामुळे हा समज फार पसरलाय. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान, त्यात आपल्या गाडीचा एक रुपया मिळत नाही. स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि चोरी ‘ओन डॅमेज’ मध्ये येते. पाच वर्षांच्या त्या विम्याबरोबर ते एकाच वर्षाचं होतं, पुढे दरवर्षी वेगळं घ्यावं लागतं. सुदैवाने त्याने ते मोबाइलवरून दर जूनमध्ये नव्याने घेतलं होतं, काय घेतोय हे नीट न समजता. गल्लीतल्या इतर मुलांना विचारलं तर बहुतेकांकडे ते नव्हतं.

मग रूममेटने सांगितलं, क्लेम करू नको, नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल पुढच्या हप्त्यात मिळणारी सूट) जाईल. हा सल्ला चारचाकीच्या बाबतीत कधी कधी बरोबर असतो. दुचाकीचं गणित कागदावर मांडलं. गाडीची विम्यातली किंमत ४८,००० धरलेली. पुण्याचा समावेश असलेल्या ‘अ’ विभागात पाच वर्षांच्या आतल्या, १५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा जुना टॅरिफ दर १.७०८ टक्के. म्हणजे ओन डॅमेजचा मूळ हप्ता साधारण ८२०. त्याचा बोनस ३५ टक्क्यांवर होता, पुढच्या वर्षी ४५ आणि मग ५० झाला असता. क्लेम केल्यावर शून्यापासून २०, २५, ३५, ४५ अशी चढण पुन्हा. दोन्हींतला फरक पुढच्या पाच वर्षांत मिळून १२० टक्के, म्हणजे ९८४ रुपये. हप्ता दरवर्षी उतरत जातो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. हजाराच्या बोनससाठी दहा-अकरा हजारांचा दावा सोडायचा नसतो.

तिसऱ्या दिवशी त्याने दावा नोंदवला. पाहणी व्हायच्या आत दुरुस्ती सुरू करायची नाही, हे मी बजावलं होतं. पहिलं उत्तर नकारार्थी आलं: फक्त सुटे भाग चोरीला गेले तर पॉलिसीत बसत नाही.

हे उत्तर अर्धवट होतं. दुचाकीच्या प्रमाणित पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींत लिहिलेलं असतं की ॲक्सेसरीज चोरीला गेल्या आणि त्याच वेळी गाडी चोरीला गेली नसेल तर भरपाई नाही. ॲक्सेसरी म्हणजे आपण वरून लावलेली गोष्ट: मोबाइल होल्डर, जादा दिवे, साइड बॉक्स. सायलेन्सर, बॅटरी, सेन्सर हे कारखान्यातून गाडीबरोबर आलेले भाग, त्यांच्याशिवाय गाडी चालतच नाही. मुलाने कंपनीला ईमेलने एवढंच लिहिलं: हे भाग ॲक्सेसरी कसे ठरवले, पॉलिसीतल्या कोणत्या कलमानुसार, ते लेखी कळवा. सोबत मॅन्युअलमधल्या भागांच्या चित्राचा फोटो जोडला. दोन दिवसांनी पाहणीसाठी माणूस आला. नकार कायम राहिला असता तर कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार आणि तिथेही दाद लागली नसती तर नारायण पेठेतलं विमा लोकपाल कार्यालय, हे आम्ही ठरवून ठेवलं होतं. तिथे वकील लागत नाही, शुल्कही नाही. जायची वेळ आली नाही.

निष्पत्ती

एकूण खर्च १६,३८० रुपये: सायलेन्सर ८,६४०, बॅटरी १,४५०, सेन्सर २,३५०, पॅनेल ६४०, गॅस्केट-स्टड-ऑइल ९००, लेथ ७००, वायरिंग ५००, गॅरेजची मजुरी १,२००.

विम्याने घसारा कापला. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के, बॅटरी आणि प्लॅस्टिकवर ५० टक्के. त्यामुळे सायलेन्सरचे ६,४८०, बॅटरीचे ७२५, सेन्सरचे १,७६२.५०, पॅनेलचे ३२०, गॅस्केट-स्टडचे ४१२.५० आणि मजुरीचे १,९०० मंजूर झाले. ३५० रुपयांचं ऑइल नाकारलं. इलेक्ट्रिशियनचे ५०० नाकारले, कारण त्याची पावतीच नव्हती. दुचाकीला लागू असलेली १०० रुपयांची सक्तीची वजावट जाऊन हातात ११,५०० आले. खिशातून गेले ४,८८०. गॅरेजवाल्याचा जुगाड ४,७०० चा होता. १८० रुपयांच्या फरकात नवे भाग, बिलं आणि विझलेला इंजिनचा दिवा मिळाला.

पण या बेरजेत न बसणारी गोष्ट मोठी आहे. पाहणीची वाट बघण्यात चार दिवस गेले आणि सायलेन्सर वितरकाकडे शिल्लक नव्हता, तो यायला आणखी पाच. गाडी अकरा दिवस बंद होती. दोन दिवस मित्राची स्कूटर मिळाली, उरलेल्या नऊ दिवसांत ५,६७० रुपयांच्या भेटी बुडाल्या. लॅबला थांबता येत नव्हतं. त्याचा सहकारनगरचा भाग दुसऱ्या मुलाला दिला आणि तो आजतागायत परत मिळालेला नाही. तीन वर्षं ज्या घरांत त्याला नावाने हाक मारायचे ती घरं गेली. त्याच्या जागी आता त्याला कात्रजच्या पुढचा भाग आहे, अंतर जास्त आणि भेटी कमी.

चोर सापडले नाहीत. चित्रणात स्कूटरचा नंबर वाचता येत नव्हता. काही महिन्यांनी ‘अ समरी’ झाल्याचं कळलं, म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी निष्पन्न नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

स्कूटर भाड्याने घ्यायला हवी होती. दिवसाला चारशे रुपये ऐकून त्याने नको म्हटलं आणि मीही जोर केला नाही. नऊ दिवसांचे ३,६०० आणि वर पेट्रोल, तरी कमाई त्यापेक्षा जास्त होती, आणि सहकारनगर हातचं गेलं नसतं. मी कागदांत इतका गुंतलो होतो की दुरुस्तीच्या खर्चात बंद गाडीचे दिवस धरायचे राहिले. हे मला आधी सुचायला हवं होतं, पंचवीस वर्षांच्या अनुभवाचा उपयोग तिथेच होता.

सायलेन्सरची ऑर्डर पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती. पाहणीच्या आधी दुरुस्ती करायची नसते, पण भाग मागवून ठेवायला कुणाची हरकत नसते. पाच दिवस तिथे वाचले असते. पाहणीसाठी व्हिडिओ कॉल चालेल का, हेही विचारलं नाही. इलेक्ट्रिशियनकडून साध्या कागदावर सही घेतली असती तरी पाचशे मिळायची शक्यता होती.

गाडी लावण्याबद्दल. हँडल लॉक गाडी वाचवतं, भाग नाही. या गाडीचा सायलेन्सर उजवीकडे आहे आणि साइड स्टँडवर गाडी डावीकडे झुकते, म्हणजे उजवी बाजू भिंतीला अगदी चिकटवून लावता येते. मग पाना फिरवायला हातच शिरत नाही. त्या रात्री ती भिंतीपासून हातभर लांब होती. दोन गाड्यांची चाकं एका साखळीत बांधली तर आणखी बरं. सर्व्हिसिंगच्या वेळी फ्लँजच्या नटांना उष्णता सोसणारं ग्रीस लावून घ्यावं का, असं एकाने विचारलं. नट लवकर सुटेल, चोरालाही. पण स्टड तुटणार नाही. मी लावून घेतो.

जानेवारीत एका रविवारी सकाळी लेथवाल्याकडून एनग्रेव्हर मागून आणला. गल्लीतल्या अकरा गाड्यांच्या सायलेन्सरवर आणि पाइपच्या बेंडवर गाडीचे नंबर कोरले, प्रत्येकाचा फोटो काढून ज्याचा त्याला पाठवला. मुलाने स्वतः सगळ्यांत आधी आपला कोरला, पुन्हा पुन्हा त्याच रेघांवरून, खोल. इमारतीच्या मालकांना आम्ही सात जणांनी सह्या करून पत्र दिलंय की रात्री अकरा ते पाच तरी दुचाक्या आत घेऊ द्या. एक चारचाकी त्यांनी बाहेर काढली आहे, तिथे चार दुचाक्या मावतात. गोदामाचं शटर अजून तसंच आहे, त्यासाठी महापालिकेत अर्ज केला आहे.